मिठाला बुरशी

रविवार, नोव्हेंबरचा पहिला. स्थळ: आमच्या सोसायटीचं क्लबहाउस, नेरूळ. हजर: आई (खुर्चीवर, पंख्याखाली), बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष काका, समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण, तिच्या भिशीतल्या सगळ्या जणी, लिफ्टच्या सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक (चहापुरता थांबला होता) आणि मी. उशिरा आलेली: माझी धाकटी बहीण, जिच्या कामासाठी हे सगळे जमले होते.

वरची नोंद मी त्याच दुपारी केली. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त गेली कित्येक वर्षं मीच लिहिते, त्यामुळे चार माणसं एका ठिकाणी दिसली की माझा हात वहीकडे जातो. मी घरच्या हळदीकुंकवालाही हजेरी घेते असं नवरा सांगत फिरतो. ते खोटं आहे. वाण कमी पडू नये म्हणून मी फक्त खुणा करते.

बहीण एका शाळेत चित्रकला शिकवते. शिकवता शिकवता तिची स्वतःची चित्रं हळूहळू थांबली. कधी थांबली ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही, बहुतेक तिच्याही नाही. या वर्षी बेलापूरला एका संस्थेनं तिला आपला तळमजल्यावरचा हॉल आठवडाभर द्यायचं कबूल केलं आणि तिनं शाळेतून बिनपगारी रजा घेतली. मला म्हणाली, "ताई, एवढं एक काम करून बघते. नाही जमलं तर परत फळ्यावर सफरचंद काढायला जाते, आणि मग कुणी विचारायचं नाही." तिनं हे हसत सांगितलं. पण ती हसत सांगते तेव्हाच ते खरं असतं, एवढं मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे.

म्हणून मी मदत करायचं ठरवलं. या लेखातलं सगळं संकट त्या एका वाक्यातून निघतं.

तिचं काम मला तिनं तीनदा समजावलं. प्रत्येकानं मूठभर ओली माती घ्यायची. मूठ आवळायची. सोडायची. जे होईल ते वाळू द्यायचं, भाजायचं नाही. वाळलं की ज्याची मूठ त्यानंच मऊ, काळ्या पेन्सिलनं तिच्यावर हवं तसं रंगवायचं. मग सगळ्या मुठी हॉलच्या जमिनीवर मांडायच्या.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही."

"म्हणजे त्यांचं करायचं काय?"

"बघायचं."

मी वहीत 'बघणे' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

माती उरणकडची होती, आमच्याच मिठागरातली. मिठागर म्हणजे आता त्याचा एक तुकडा; बाकीचं सरकारी भूसंपादनात गेलं आणि तिथं एकावर एक कंटेनर उभे आहेत. भरतीचं पाणी ज्या वाफ्यांत घ्यायचे त्यांच्या तळाची ती काळी, चिकट माती. बहिणीनं चुलत भावाच्या टेम्पोतून ती सिमेंटच्या गोण्यांत आणली. गोणी उघडल्यावर क्लबहाउसभर खाडीचा वास पसरला. भिशीतल्या एकीनं पदर नाकाला लावला आणि आईनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तो लगेच खाली घेतला. आईनं तिच्या तरुणपणी याच मातीत पायानं चिखल तुडवलेला आहे. आता गुडघ्यांमुळे ती माझ्याकडे, सहाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टला नावं ठेवते.

बहिणीनं उभं राहून सांगितलं, "काही बनवायचं नाही. फक्त मूठ आवळा."

काही बनवायचं नाही म्हटल्यावर आमच्या बायका गोंधळल्या. ओला गोळा हातात आला की बोटं आपोआप पाकळ्या काढायला लागतात. दोन मोदक आणि एक पणती झाली तेव्हा शेजारीण ओरडली, "अगं बायांनो, मुटके! मेथीचे मुटके वळतो ना, तस्से!"

मग एकदम सगळ्यांना कळलं.

"माझे तर कढीत फुटतात."

"बेसन कमी पडतं तुझं."

"हे फुटले तर काय घालायचं?"

"ह्यांना फुटू द्यायचे," बहीण म्हणाली.

अध्यक्ष काकांनी मूठ आवळली, उघडली आणि बराच वेळ आपल्याच बोटांच्या चार खाचांकडे पाहत राहिले. "सही करतोय असं वाटलं," म्हणाले. मग वरमून, "पेन्सिल खोडरबरवाली आहे का?" मेकॅनिकनं चहाचा कप खाली ठेवून एका दमात मूठ दाबली, हात पुसले आणि लिफ्टकडे गेला. आईनं सगळ्यांत शेवटी घेतली. तिची मूठ आता पूर्वीसारखी बसत नाही, तरी अंगठ्याचा खळगा तिनं चांगला खोल दाबला.

मी या सगळ्यात काय करत होते? प्रत्येक मुठीखाली फ्लॅट नंबरची चिठ्ठी ठेवत होते.

वाळवायची जबाबदारी मी मागून घेतली. बहिणीला रोज बेलापूरला जाऊन हॉलच्या भिंती रंगवायच्या होत्या. आमच्या गच्चीवर टाकीशेजारी पत्र्याखाली सावली आहे. तिथं मी लग्नाची मोठी ताटं मांडली, त्यांत जुन्या चादरी घातल्या आणि विंगनुसार मुठी लावल्या. आईनं मात्र तिची दिली नाही. "तुज्या ताटात मना नको," म्हणाली, "चार लोकांच्यात माजी कोन वलखील?" तिनं ती आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली.

पहिले दोन दिवस सगळं व्यवस्थित चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर मुठींवर पांढरं काहीतरी आलेलं. बारीक, लवेसारखं, बोटांच्या कडांवर जास्त.

आता, बुरशी या विषयात मला कुणी शिकवू नये. आमच्या सोसायटीतल्या गळतीचं प्रकरण मी लढवलेलं आहे. कुठल्या बेडरूमच्या कुठल्या कोपऱ्यात पांढरी, कुठं हिरवी, कुठं काळी, याचे फोटो मी फाइलमध्ये लावलेले आहेत. त्यामुळे मी एका सेकंदात निदान केलं. एकदा आली की पसरते, हेही मला माहीत होतं. शनिवारी प्रदर्शनाचं उद्घाटन, आणि बहिणीला फोन करून टेन्शन देणं मला बरोबर वाटलं नाही. खाली गेले, स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि व्हिनेगर घातलं, भांड्यांचा नवा स्पंज घेतला आणि एकेक मूठ पुसून काढली. छान निघालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

इथं एखादी शहाणी बाई थांबली असती. माझ्यासाठी तो शिस्तीचा प्रश्न झाला. मी पुन्हा पुसलं, जरा दाबून, खाचांत स्पंजचा कोपरा घालून. त्याच ओघात आईच्या खोलीतही गेले, तर तिच्या मुठीवर तर चक्क पांढरी साय आलेली. मी स्पंज पुढे केला, आणि आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"हात लावू नको."

"अगं, खराब होतंय ते."

"तुज्या ताटातली बग जा. हिला ऱ्हाऊ दे."

म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, असं मनाशी म्हणत मी परत गच्चीवर गेले. संध्याकाळपर्यंत पांढरं जवळपास गेलं होतं. मुठी इतक्या नीट दिसत होत्या की मी त्यांचा फोटो काढून नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "बटाटे कशाला उकडलेस एवढे?" त्याला कलेतलं काही कळत नाही असं मी त्याला सांगितलं.

गुरुवारी बहीण आली. कपाळावर चुन्याचे ठिपके, खूश. "ताई, भिंती झाल्या. दाखव माझं पीक." मी तिला गच्चीवर नेलं, वर पांघरलेली चादर काढली आणि बाजूला उभी राहिले, कौतुकासाठी जागा सोडून.

ती वाकली. एक मूठ उचलली, फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. मग टाकीच्या कठड्यावर बसली.

"बोटं कुठं गेली?" तिनं विचारलं.

"कसली बोटं?"

"लोकांची."

मी सांगितलं. बुरशी, व्हिनेगर, स्पंज, दोन वेळा. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. कच्ची माती ओल्या स्पंजनं घासली की ती विरघळते, हे पोळपाटावरची पिठाची पुटं पुसणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल. ताटात काकांची सही नव्हती, शेजारणीचा मुटका नव्हता. सगळीकडे मीच होते, गुळगुळीत, विंगनुसार.

"ताई," ती हळू म्हणाली, "ती बुरशी नव्हती. आईची बघितलीस?"

आम्ही खाली आलो. बहिणीनं खिडकीतली मूठ हातात घेतली. करंगळी पांढऱ्यावर टेकवून जिभेला लावली आणि मग ती मूठ माझ्यापुढे धरली. मी पण चाखलं.

मीठ.

मिठागराची माती. पाणी उडून जाताना आतलं मीठ वर आलं होतं, आमच्या वाफ्यांत दर वर्षी येतं तसंच. आमचे वडील त्याचे ढीग लावायचे, आणि मी शाळेत जाताना त्याच बांधावरून चालायचे.

काय झालं ते आईला तिसऱ्या मिनिटाला समजलं. ती आधी ऐकत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले, मग तिला कवळी काढून हातात घ्यावी लागली.

"मिठाला कदी बुरशी लागते का गो?" ती कशीबशी म्हणाली. "बापाने जल्मभर मीठ काढलं, आन पोरीने फडक्याने पुसलं!"

"स्पंजनं," मी म्हणाले. अशा वेळी माणूस काय दुरुस्त करेल याचा नेम नाही.

"तू सांगायचंस ना मला, मी स्पंज घेऊन आले तेव्हा!"

"मना काय म्हाईत तू काय पुसतेस? तू समदंच पुसतेस."

बहीण हसत नव्हती. तिच्या हातात अजून आईची मूठ होती. तिला वाटत असणार ते मला दिसत होतं: शनिवारी रिकामा हॉल, पांढऱ्या भिंती, मग शाळा, मग सफरचंद. ती चिडली असती तर बरं झालं असतं; मी निदान क्रमवार माफी मागितली असती.

शेवटी ती म्हणाली, "तुझ्याकडे हजेरी आहे ना? त्या रविवारची?"

"आहे."

"मग सगळ्यांना परत बोलाव."

"पण वाळणार कधी?"

"नाही वाळणार. ओल्याच ठेवू. लोकांसमोर वाळू देत."

माती भाजलेली नव्हती म्हणून आम्ही वाचलो. माझ्या उकडलेल्या बटाट्यांवर टबात पाणी ओतलं तर तासाभरात ते खचले, विरघळले आणि परत चिखल झाले. मी ते बघतच राहिले. "म्हणून तर मी भाजत नाही," बहीण म्हणाली. माझं लक्ष मात्र वर साचलेल्या गढूळ पाण्याकडे होतं. टब कलता केला आणि ते नीट बाथरूमच्या जाळीत सोडणार, तेवढ्यात ती किंचाळली, "ओतू नको! उरलेलं मीठ त्यातच आहे!"

तेव्हापासून मी तिला विचारल्याशिवाय काहीही ओतलेलं नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला: 'तांत्रिक कारणामुळे मुठी पुन्हा वळाव्या लागतील. सहकार्य अपेक्षित.'

काका: 'तांत्रिक म्हणजे नेमके काय?'

शेजारीण: 'पुसल्या म्हणे यांनी.'

भिशीतली एक: 'हसून पोट दुखलं. येते.'

दुसरी: 'माझ्याकडे पण या ना पुसायला, दिवाळीची जाळी राहिलीय.'

मेकॅनिकचा नंबर लिफ्टच्या आत लिहिलेला होता. त्याला फोन लावला.

"मॅडम, लिफ्ट बंद पडली का?"

"नाही, लिफ्ट चालू आहे. तुम्ही परत येऊन माती दाबायची आहे."

"त्याचा सर्व्हिस कॉल टाकावा लागेल, मॅडम."

पण तो आला. रबाळ्याहून काम संपवून येता येता आला, बूट न काढता मूठ दाबली आणि मला म्हणाला, "आता हात नका लावू."

शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या मुठी झाल्या. बहिणीनं हजेरी माझ्याच वहीतून पाहिली, एकेकावर बोट ठेवत खाली आली आणि थांबली.

"तुझी कुठंय?"

"मी चिठ्ठ्या लावत होते."

"पहिल्या रविवारी?"

"तेव्हाही."

तिनं टबातला शेवटचा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. मी मूठ आवळली. सोडली. चार खाचा, अंगठा, अंगठीची एक रेघ. कड जरा वाकडी आली होती, ती मी नीट करणार तोच तिनं काढून घेतली.

बेलापूरच्या हॉलचा केअरटेकर ओला चिखल फरशीवर ठेवू देईना. इथं मात्र माझा उपयोग झाला, हे नमूद करते. सोसायटीच्या गणपतीच्या मांडवाची ताडपत्री मी आणली होती, कडेला दुमड घालून, पाणी बाहेर जाणार नाही अशी. केअरटेकरनं तीन ठिकाणी ती उचलून खालची फरशी पाहिली आणि कबूल झाला. बहिणीला ताडपत्रीचा निळा रंग आवडला नाही. तिनं त्यावर खाडीच्या कोरड्या मातीचा थर चाळणीनं पसरला. मग तो निळा दिसेना.

शनिवारी लोक आले तेव्हा जमिनीवर नुसत्या काळ्या, ओल्या मुठी होत्या आणि हॉलला आमच्या गावाचा वास येत होता. मंगळवारी कडांवर पांढरं यायला लागलं. बुधवारपासून मुठीवाले आपापली मूठ रंगवायला यायला लागले, आणि एक नवीच अडचण समोर आली, जी बहिणीनं मला तीनदा समजावताना एकदाही सांगितली नव्हती. पेन्सिल फिरवली की मीठ झडतं. मीठ ठेवायचं तर पेन्सिल चालवता येत नाही.

"मग किती रंगवायचं?" काकांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

काकांनी फुंकर मारून सगळं मीठ उडवलं आणि बँकेत असल्यासारखे मान खाली घालून दोन तास रंगवत बसले. शिशाची चकाकी चढत गेली आणि त्यांची मूठ सुरमईच्या पाठीसारखी दिसायला लागली. शेजारणीनं फक्त खाचा काळ्या केल्या, वरचं पांढरं तसंच ठेवलं. मेकॅनिकनं एका बाजूला काळं, एका बाजूला मीठ, मध्ये सरळ रेघ. एक कॉलेजवाल्या बाई या सगळ्यांना बसून बघत होत्या; बहिणीला त्यांनी विचारलं की आमच्या मुलांबरोबर असं काही कराल का, आणि बहीण त्यांच्याशी बोलताना हातानं हवेतच मूठ आवळत होती.

आईला शेवटच्या दिवशी गाडीतून आणलं. ती खुर्चीवर बसली, खिडकीतली आपली मूठ बरोबर आणली होती ती मांडीवर घेतली. पेन्सिल हातात धरायची तिला सवय नाही; तिनं ती उलथन्यासारखी धरली. अंगठ्याचा खळगा तेवढा काळा केला, बाकी मिठाला धक्का लावला नाही. मग पेन्सिल माझ्याकडे दिली.

"घे. आता तुजं."

मी पेन्सिल घेतली. माझ्या मुठीवर त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त मीठ आलं होतं, टबातला शेवटचा गोळा होता म्हणून असेल. तेवढ्यात केअरटेकर विचारायला आला की ताडपत्री कधी निघणार, आणि मी उठले.

बहिणीनं शाळेतली रजा वाढवून घेतली आहे. पुढचं काम काय आहे हे मला माहीत नाही. मला सगळ्यांत शेवटी सांगणार, असं तिनं स्पष्ट सांगितलं आहे.

मुठी ज्याच्या त्याला परत गेल्या. काकांची शोकेसमध्ये आहे, शेजारणीची तुळशीत. माझी माझ्या टेबलावर, एका बशीत. शेजारी मऊ, काळी पेन्सिल, टोक काढून ठेवलेली. कामवाल्या बाईंना बजावलं आहे की या टेबलावर फडकं फिरवायचं नाही. त्या म्हणाल्या, "वैनी, तुम्ही असं म्हणताय?"

मागच्या रविवारी मी बसले होते. करंगळीच्या खाचेवर पेन्सिल टेकवली, अगदी हलकी. मिठाचा एक कण सुटला आणि बशीत पडला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि तो कण बराच वेळ परत जागेवर बसवायचा प्रयत्न केला. बसला नाही. आता कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, ते ठरवून मगच हात लावायचा असं म्हणून उठले.

या आठवड्याची यादी: पाण्याच्या टाकीची सफाई, झाली. आईची गुडघ्याची तपासणी, झाली. ताडपत्री धुऊन वाळवून घडी करून स्टोअररूममध्ये, झाली. इतिवृत्तावर काकांची सही, झाली. मूठ रंगवणे.